हॅलेची कक्षा शाळेच्या मैदानावर: कामाच्या नोंदी

आमची माध्यमिक शाळा गावात आहे आणि मी तिथे विज्ञान शिकवते. हॅलेच्या धूमकेतूची पूर्ण कक्षा मैदानावर मापात आखायची आणि धूमकेतू दरवर्षी कुठे असतो तिथे एकेक फरशी बसवायची, असं हे काम. दुसऱ्या कुठल्या शाळेला करायचं असेल तर आमचा वाया गेलेला वेळ त्यांचा वाचावा, म्हणून नोंदी ठेवते आहे.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

पीटीचे सर, शिपाई मामा आणि नववीची सहा मुलं घेऊन मैदान मोजलं. लांबी ९६ मीटर, रुंदी ४५. मुरमाची जमीन, पूर्वेकडे किंचित उतार.

माप ठरवण्यात सकाळ गेली. हॅलेची कक्षा भलतीच लांबट आहे. सूर्याच्या सर्वांत जवळ येतो तेव्हा अंतर ०.५८६ खगोलीय एकक, सर्वांत लांब जातो तेव्हा सुमारे ३५. (सूर्य ते पृथ्वी अंतर म्हणजे १ एकक.) एका एककाला १ मीटर धरलं तर सूर्याजवळचा भाग इतका चिमुकला होतो की सात-आठ मुलांनाही तिथे उभं राहता येत नाही. ३ मीटर धरलं तर दुसरं टोक कंपाउंडच्या बाहेर, शेजारच्या ज्वारीत जातं. २ मीटर बरोबर बसलं. त्या मापात कक्षेची लांबी ७१.३ मीटर, रुंदी १८.१. सूर्य १८.६ मिलिमीटरचा, म्हणजे सुपारीएवढा. मामांनी खिशातली सुपारीच काढून खुंटीवर ठेवली.

पृथ्वीची कक्षा २ मीटर त्रिज्येची, गुरूची १०.४ मीटर. शनीची १९ मीटरची कक्षा कुंपणाला कापली जाते. युरेनस आणि नेपच्यूनचे फक्त तुकडे आखायचे ठरवलं.

१६ नोव्हेंबर

आज दोरीनं लंबवर्तुळ काढायचा बेत होता. दोन खुंट्या, भोवती दोरीचा फास आणि ताणून फिरवलेली फक्कीची बाटली. फळ्यावर हे दरवर्षी करते, त्यामुळे मैदानावर अडचण येईल असं मनातही आलं नाही. खुंट्यांमधलं अंतर ६८.९९ मीटर (लंबवर्तुळाच्या आत दोन ठरावीक बिंदू असतात, त्यांना नाभी म्हणतात: एक खुंटी सूर्य, दुसरी रिकामी नाभी), फास १४०.३३ मीटरचा. नायलॉनची दोरी ₹१,१४० ला आणली.

पूर्ण फसलं. एवढी लांब दोरी मधे लोंबते. ती उचलून धरायला जागोजागी मुलं उभी केली, तरी ताण कमी-जास्त होत राहिला. आणि नायलॉन ताणलं जातं. फेरी संपल्यावर सूर्याच्या खुंटीपासून जवळचं टोक मोजलं तर १.७२ मीटर भरलं. असायला हवं होतं १.१७. म्हणजे धूमकेतू शुक्राच्या कक्षेच्या (१.४५ मीटर) आत शिरलाच नाही. कक्षेचं पोट तर दोन्ही बाजूंना जवळपास २ मीटरनं सुटलं होतं आणि एका बाजूला खो-खोचा खांब आत आला होता.

रात्री हिशोब केला. दोरी फक्त १ मीटर १० सेंटिमीटर ताणली गेली होती, १४० मीटरमध्ये. शंभराला एकसुद्धा नाही. वर्तुळाच्या जवळ जाणारी कक्षा असती तर एवढ्या चुकीनं काही बिघडलं नसतं. पण हॅलेच्या कक्षेची विकेंद्रता (लांबटपणाचं माप, वर्तुळाला ०) ०.९६७ आहे, सूर्य अगदी टोकाला चिकटलेला. दोरीतली सगळी चूक त्या टोकावर आणि पोटावर येऊन पडते. सुतळी घेतली असती तरी हेच झालं असतं. दोरीची पद्धत एवढ्या लांबट कक्षेला वापरू नका.

२१ नोव्हेंबर

काल विधानसभेचं मतदान झालं. आमची शाळा मतदान केंद्र, आणि माझी ड्युटी दुसऱ्या गावात. आज येऊन पाहते तर मैदानावर गाड्यांच्या चाकोऱ्या, फक्की पुसलेली, सूर्याची खुंटी गायब. आखणी तशीही चुकीचीच होती, पण खुंटी गेल्यानं मोजलेला मूळ बिंदू गेला, तो परत शोधायला अर्धा दिवस लागेल. यापुढे मूळ बिंदू दोन पक्क्या खुणांपासून मोजून वहीत लिहून ठेवायचा. आम्ही झेंड्याच्या चौथऱ्याचा कोपरा आणि पाण्याच्या टाकीचा खांब धरला.

२४ नोव्हेंबर, रविवार

दोरी सोडली. आता रस्ता आखतात तसं करायचं: लांबीच्या दिशेनं एक सरळ सुतळी आणि तिच्यावरून ठरावीक अंतरावर काटकोनात बाजूला मोजायचं. त्यासाठी दरवर्षीचे दोन आकडे हवेत, सुतळीवर किती आणि बाजूला किती.

शुक्रवार आणि शनिवार या दोन संध्याकाळी मोबाइलवरच्या तक्त्याशी (स्प्रेडशीटशी) झगडण्यात गेल्या. धूमकेतू तीन वर्षं पुढे जायचा, मग मागे यायचा, मग सूर्याच्या पलीकडे. सूत्र चुकलं म्हणून तीनदा तपासलं. सूत्र बरोबर होतं. तक्ता कोन रेडियनमध्ये घेतो आणि मी अंश भरत होते. ३० अंशांची साइन उणे ०.९८८ दाखवत होता, तिथेच लक्षात यायला हवं होतं. मुलांना वर्षानुवर्षं हीच चूक दाखवून देते मी.

सूत्रं तीनच. कोन ० पासून १८० अंशांपर्यंत वाढवत न्यायचा. सुतळीवरचं अंतर, जवळच्या टोकापासून, मीटरमध्ये: ३५.६७ गुणिले (१ वजा कोनाची कोसाइन). बाजूचं अंतर: ९.०७ गुणिले कोनाची साइन. वेळ, वर्षांमध्ये: ११.९९ गुणिले (रेडियनमधला कोन वजा ०.९६७१ गुणिले साइन). हा कोन सूर्यापाशी मोजायचा नसतो, तो कक्षेच्या मध्याशी जोडलेला असतो. पहिल्या दिवशी मी तो सूर्यापाशी धरला होता.

वेळ दिली असता कोन काढणं अवघड, कारण हे वेळेचं सूत्र, म्हणजे केप्लरचं समीकरण, उलट बाजूनं सरळ सुटत नाही. ते सोडवत बसू नका. अर्ध्या-अर्ध्या अंशानं कोन वाढवत वेळ काढा आणि पूर्ण वर्षाच्या जवळचा कोन निवडा. मैदानावर तेवढी अचूकता पुरते.

आमचे काही आकडे, पडताळायला. पहिलं वर्ष: सुतळीवर ८.९५ मीटर, बाजूला ६.०१. दुसरं: १५.१६ आणि ७.४२. पाचवं: २८.३ आणि ८.८८. दहावं: ४३.१ आणि ८.८७. विसावं: ६०.८ आणि ६.४३. तिसावं: ६९.४ आणि २.९२. टोक येतं ३७.६६ वर्षांनी, ७१.३४ मीटरवर.

हे आकडे वहीत उतरवताना हात थांबला. पहिल्या एका वर्षात धूमकेतू मैदानावर ११ मीटर जातो. टोकाजवळच्या एका वर्षात ३८ सेंटिमीटर. सूर्याजवळ त्याचा वेग सेकंदाला ५४ किलोमीटरच्या वर असतो, तिकडे ०.९ किलोमीटर उरतो, हे शिकवलं होतं, पाठही होतं. पण ११ मीटर आणि ३८ सेंटिमीटर ही जोडी कधी डोळ्यांसमोर आली नव्हती.

१ डिसेंबर, रविवार

गवंडीकाकांना दिवसभर बोलावलं, ₹९००. खर्च वाटला, पण पहिल्या तासातच पटलं. मी काटकोनासाठी लाकडी गुण्या आणला होता. काका म्हणाले, "बाई, एवढ्याशा गुण्यानं नऊ मीटरवर तिरकं जाईल." त्यांनी सुतळीवर ३ मीटर, बाजूला ४ मीटर आणि तिरकं ५ मीटर जुळवून काटकोन धरला, मग तीच रेघ पुढे वाढवली. पाचव्या वर्षाच्या खुणेवर माझ्या गुण्यानं ४० सेंटिमीटरचा फरक येत होता.

खो-खोचा खांब टाळायला पूर्ण मधली सुतळी ३ मीटर दक्षिणेला सरकवली. दुपारी ऊन वाढल्यावर फायबरचा टेप सैल पडतो, म्हणून लांबची मापं सकाळी दहाच्या आत घेतली. संध्याकाळपर्यंत एका बाजूच्या ३७ खुंट्या ठोकून झाल्या. जवळचं टोक मोजलं: १ मीटर १७ सेंटिमीटर.

९ डिसेंबर, सोमवार

मुद्दाम आजचा दिवस धरला. गेल्या वर्षी ९ डिसेंबर २०२३ ला हॅलेचा धूमकेतू कक्षेच्या लांबच्या टोकाला, अपसूर्य बिंदूवर पोचला आणि वळला. प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेला त्या टोकाशी नेलं. झेंड्याजवळच्या सुपारीकडे बघायला सांगितलं. सुपारी तिथून दिसत नाही, पांढरी खुंटीही जेमतेम दिसते. तो आता वासुकी तारकासमूहाच्या दिशेला आहे. त्याचं शेवटचं छायाचित्र २००३ मध्ये चिलीतल्या मोठ्या दुर्बिणींनी घेतलं, तेव्हा तो २८ एककांवर होता.

२१ डिसेंबर

शहाबादी फरशीचे ३० बाय ३० सेंटिमीटरचे ८० तुकडे आणले, ₹२,०००. मांडायला घेतल्यावर टोकाशी गाडी अडली. अपसूर्याच्या दोन्ही बाजूंच्या पहिल्या खुणा टोकापासून जेमतेम २५ सेंटिमीटरवर येतात. ३० सेंटिमीटरच्या फरश्या एकमेकींवर चढल्या. तिथून पुढे खुणा ३८ सेंटिमीटरवर, म्हणजे दोन फरश्यांमध्ये चार बोटांची फट. आकडे महिनाभर वहीत होते, तरी फरशी घेताना ते पाहिले नाहीत. काकांनी टोकाजवळच्या फरश्या मधोमध कापून १५ सेंटिमीटरच्या केल्या. कापताना ४ फुटल्या.

दुसरी भानगड वर्षांची. माझ्या डोक्यात लहानपणापासून '७६ वर्षांनी येतो' हेच बसलेलं. त्या हिशोबानं शेवटची फरशी २०६२ ची रंगवली. पण १९८६ च्या ९ फेब्रुवारीनंतर तो सूर्याजवळ येणार २८ जुलै २०६१ ला, म्हणजे साडेपंच्याहत्तर वर्षांच्या आतच. आणि आमच्या सूत्रातला काळ ७५.३२. मग खरा कोणता?

कक्षेचा काळ ठाम नसतोच. १८३५ ते १९१० ही फेरी ७४ वर्षं ५ महिन्यांत झाली, १९१० ते १९८६ ही ७५ वर्षं आणि जवळपास १० महिन्यांत. गुरू, शनी वाटेत ओढतात, आणि सूर्याजवळ बर्फाची वाफ सुटते तिचाही रेटा बसतो. हॅले यांनी धूमकेतू परत येईल असं सांगितलं, पण नेमका कधी हे क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोट या फ्रेंच गणिती-खगोलज्ञांनी महिनोनमहिने हातानं आकडेमोड करून काढलं. गुरू आणि शनी मिळून त्याला ६१८ दिवस उशीर करतील असा त्यांचा हिशोब होता. तो १३ मार्च १७५९ ला सूर्याजवळ पोचला. त्यांच्या तारखेपेक्षा साधारण महिनाभर आधी. कागद-दौतीनं केलेलं काम! ही गोष्ट मुलांना सांगितली तेव्हा माझ्या तक्त्यावरची दोन संध्याकाळची चिडचिड मला फार मोठी वाटेनाशी झाली.

आम्ही असं केलं: जाणाऱ्या बाजूच्या फरश्या ९ फेब्रुवारी १९८६ पासून पुढे मोजल्या, येणाऱ्या बाजूच्या २८ जुलै २०६१ पासून मागे. टोकाशी दोन्ही बाजू भेटतात तिथे ५ सेंटिमीटर कमी पडतात. ती फट झाकली नाही. ग्रहांनी आणि वायूनं या फेरीत केलेला फरक तिथे आहे, मुलांना बोट घालून दाखवता येतो.

आता ३७ जाणाऱ्या, ३७ येणाऱ्या, एक लांबच्या टोकाची आणि एक सूर्याजवळची अशा ७६ फरश्या.

४ जानेवारी २०२५

आजची चूक सर्वांत मोठी, आणि ती आठवीतल्या एका मुलीनं पकडली.

पृथ्वीच्या वर्तुळावर आम्ही महिने लिहिले होते. हॅलेची कक्षा त्या वर्तुळाला दोन ठिकाणी छेदते. धूमकेतूनं मागे सोडलेल्या धुळीतून पृथ्वी वर्षातून दोनदा जाते: ऑक्टोबरच्या २१ तारखेच्या आसपास मृगातला उल्कावर्षाव आणि मेच्या ५-६ तारखेला कुंभेतला. धूमकेतू सूर्याकडे येताना जो छेद होतो तो ऑक्टोबरचा, जाताना होतो तो मेचा. ती मुलगी पृथ्वीच्या वर्तुळावरून चालत म्हणाली, "बाई, मे ते ऑक्टोबर साडेपाच महिने, पण मी इथून गेले तर साडेसहा होतात."

बरोबर होतं तिचं. उत्तरेकडून, वरून पाहिलं तर सगळे ग्रह घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. हॅले मात्र घड्याळाच्या दिशेनं जातो, त्याच्या कक्षेचा कल १६२ अंशांचा आहे (९० च्या वर म्हणजे उलटी चाल). मी त्याला ग्रहांच्या दिशेनंच चालवला होता. सगळी वर्षं उलट्या बाजूला पडली होती, तीही ऑइलपेंटनं रंगवून.

सोपा उपाय पीटीच्या सरांनी सुचवला: ग्रहांचे बाण उलटे करा, म्हणजे आपण दक्षिणेकडून बघतोय असं होईल. तासभर मलाही तो पटला होता. पण मग वर आणि खालीही उलटं होतं. पुढच्या टप्प्यात कक्षेची उंची दाखवायची आहे. जमिनीच्या वर म्हणजे उत्तर, हे मुलांच्या डोक्यात आधीच बसलेलं. शेवटी फरश्याच बदलल्या. कक्षेच्या दोन्ही बाजू सारख्या असल्यानं डावीकडची उचलून उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. सिमेंट अजून लावलं नव्हतं म्हणून निभावलं. दहा मुलं आणि अर्धा दिवस. सिमेंट शेवटी लावा.

पडताळा हाच ठेवा: मेच्या छेदापासून सूर्याजवळच्या टोकाच्या बाजूनं पृथ्वी चालत गेली की साडेपाच महिन्यांनी ऑक्टोबरचा छेद यायला हवा, आणि धूमकेतू तिच्या समोरून आला पाहिजे.

१२ जानेवारी, रविवार

छेद दिसले की प्रत्येक वर्गातून तोच प्रश्न, "मग टक्कर नाही होणार?" मैदान सपाट, म्हणून प्रश्न खराच आहे. आज उंची दाखवली.

येताना पृथ्वीच्या वर्तुळावरून जातो त्या ठिकाणी धूमकेतू ०.१५ एककांनी वर असतो, आमच्या मापात ३१ सेंटिमीटर. जाताना ०.०६५ एककांनी खाली, म्हणजे १३ सेंटिमीटर. ऑक्टोबरच्या छेदावर सळई रोवून ३१ सेंटिमीटरवर लाल मणी बांधला. मेच्या छेदावर मुलांनी खड्डा खणला. मुरूम इतका घट्ट की तेवढ्याला पाऊण तास लागला. तळाशी लाल रंगवलेली वीट ठेवली, वरचा भाग जमिनीपासून बरोबर १३ सेंटिमीटर खाली. मुलं गुडघ्यावर बसून खड्ड्यात पट्टी घालून मोजत होती. नंतर टकरीचा प्रश्न कुणी विचारला नाही.

सूर्याजवळच्या टोकाशी उंची ३३ सेंटिमीटर. मधली वाट चार सळयांवर बाईंडिंगच्या तारेची कमान करून दाखवली. येणाऱ्या बाजूला सूर्यापासून ३.५६ मीटरवर तार जमिनीतून वर येते, सगळ्यात उंच ३८ सेंटिमीटर होते आणि जाणाऱ्या बाजूला १.७ मीटरवर परत जमिनीत जाते.

लांबच्या टोकाला मात्र काही करता येत नाही. तिथे धूमकेतू ग्रहांच्या पातळीच्या १० एकक खाली असतो, म्हणजे २० मीटर. मामांना विचारलं, आपली विहीर किती खोल? म्हणाले, साठ फूट. म्हणजे धूमकेतू आत्ता विहिरीच्या तळाच्याही खाली आहे. त्या फरशीवर 'इथून २० मीटर खाली' एवढं लिहिलं.

एक तडजोड मान्य करून ठेवते. कक्षा कलती असल्यानं तिची जमिनीवरची खरी सावली आमच्या रेघेपेक्षा टोकाशी सुमारे ४ टक्के आखूड पडेल. तेवढं सोडून दिलं, कारण ते केलं तर वर्षांची अंतरं मुलांना पडताळता आली नसती.

२५ जानेवारी

उद्या झेंडावंदन, म्हणून घाई. सिमेंट लावून फरश्या जमिनीच्या पातळीला बसवल्या, कुणाला ठेच लागायला नको. काकांचा दुसरा दिवस, आणखी ₹९००. कवायतीसाठी सळया आणि तार काढता येतील अशा नळीत बसवल्या. आधीच तसं केलं असतं तर बरं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज मुलं नव्हती. एकटीच आले होते.

१९८६ मध्ये मी सहावीत होते. वडिलांनी पहाटे उठवून गच्चीवर नेलं होतं. आजी म्हणत होती शेंडेनक्षत्र दिसणार, तिनं तिच्या आईकडून १९१० च्या शेपटीचं वर्णन ऐकलेलं. मला दक्षिणेला क्षितिजाजवळ पिंजलेल्या कापसाचा एक पुसट ठिपका दिसला, तोही वडिलांनी दोनदा बोट दाखवल्यावर. सगळ्यांना वाईट वाटलं होतं. धूमकेतू म्हातारा झाला, असं कुणीतरी म्हणालं, आणि मी ते खरं धरून चालले होते.

पृथ्वीच्या वर्तुळावर ९ फेब्रुवारीच्या खुणेवर उभी राहिले. सूर्याजवळच्या टोकाची फरशी माझ्या समोर नव्हती, ती सुपारीच्या पलीकडे होती. मधे सूर्य. टेप लावला: ३ मीटरच्या वर, म्हणजे दीड एककाहून जास्त. तो सर्वांत तेजस्वी होता नेमक्या त्या दिवसांत आपण सूर्याच्या पलीकडच्या बाजूला होतो.

मग २८ जुलैच्या खुणेवर गेले. २०६१ ला पृथ्वी तिथे असेल आणि धूमकेतू त्याच दिवशी त्या तारेच्या कमानीवर. खुणेपासून कमानीपर्यंत टेप लावला. ९० सेंटिमीटर. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातल्या अंतराच्या निम्म्याहून कमी, आणि सूर्य पलीकडे. जमिनीवर बसले तर हात लावता येत होता.

सोमवारी नववीच्या मुलांना दोन्ही खुणांवर उभं केलं, काही न सांगता. त्यांनी स्वतःच काढलं. एकानं वय मोजलं, "बाई, आम्ही एक्कावन्न." मग सगळे धावत २०१० च्या फरशीकडे गेले, त्यांचा जन्म तिथला. तिथून आजच्या जागेपर्यंत त्यांनी टेप लावला: साधारण ९ मीटर. एवढ्या वर्षांत धूमकेतू तेवढाच चालला. २०६१ पर्यंतची वाट मोजायला टेप कितीदा सरकवावा लागतो, यावर त्यांचं बराच वेळ भांडण चाललं.

फरश्याही मोजल्या. ७६ पैकी ४९ सुतळीच्या शेवटच्या २० मीटरमध्ये आहेत. सूर्याकडच्या पहिल्या २० मीटरमध्ये फक्त ५.

मार्च

परीक्षांमुळे काम बंद. गावातल्या कार्यक्रमाचा ट्रॅक्टर मैदानात आला, दोन फरश्या फुटल्या (१९९१ आणि २०५६). पाचव्या वर्षाजवळ मैदानाचं फाटक आहे, तिथे जाड दगड हवेत. मण्यांपैकी एक चोरीला गेला, नवीन बांधला.

आजवरचा खर्च: दोरी ₹१,१४०, टेप ₹७५०, फक्की ₹७८०, फरशी ₹२,०००, गवंडीकाका ₹१,८००, रंग आणि ब्रश ₹५६०, सिमेंट ₹३९०, सळया आणि तार ₹३४०. एकूण ₹७,७६०. दोरी घेऊ नका, म्हणजे ₹६,६२० त होईल. दिवस मात्र कमी करता येतील, आमचे चार पूर्ण दिवस चुका निस्तरण्यात गेले.

६ मे, मंगळवार, पहाट

सुट्टी असूनही सतरा मुलं आली, सात जणांचे पालकही. पावणेचारला मैदानावर सतरंज्या अंथरल्या, मेच्या छेदाच्या खड्ड्याभोवती, डोकी आत आणि पाय बाहेर. चंद्र मावळला होता. पश्चिमेला ढग होते, पूर्व मोकळी. दिवे बंद, मोबाइल दप्तरात, डोळे सरावायला वीस मिनिटं.

पहिली उल्का चार वाजून सहा मिनिटांनी. कुंभेकडून वर येत पार डोक्यावरून गेली, लांबच लांब, आणि मागे पांढरी रेघ दोन-तीन सेकंद तशीच राहिली. कुणी ओरडलं नाही. मग एक बारीक आवाज आला, "ही त्याची धूळ का?" हो. आपल्या दिशेनं समोरासमोर येते, सेकंदाला ६६ किलोमीटरनं, म्हणून इतकी झपाट्यानं जाते.

पाच वाजेपर्यंत अकरा मोजल्या. उजाडायला लागल्यावर शिपाई मामांनी चहा आणला. मुलांनी खडूनं खड्ड्यातल्या विटेवर अकरा रेघा ओढल्या. खडू पावसात जाईल, तारीख ऑइलपेंटनं लिहायची आहे. १९९१ आणि २०५६ च्या फरश्या जूनच्या आत बदलायच्या. ऑक्टोबरच्या २१ तारखेला पुन्हा जमायचं ठरलं आहे, यावेळी सळईच्या खुणेपाशी.